घर आणि घराचे कागद

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी स्वानुभवाने घडविली आहे. तिच्यापैकी लग्नाचा भाग ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून पुष्कळ चर्चिला गेला. घराच्या भागाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्षच झाले. वस्तुतः मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खरेदीइतका मोठा व्यवहार दुसरा नाही. असे असूनही भाजी घेताना चार दुकाने हिंडणारे आपण घराच्या करारावर मात्र तो न वाचता सही करतो. ह्या लेखात आम्ही महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील, घराच्या मालकीचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. जुन्या गोष्टी सांगून मन रमविणे एवढाच त्यामागील हेतू नाही. प्रत्येक पिढीने घरासाठी पैसा कसाबसा जमविला; पण कागदाकडे पाठ फिरविली की तोच पैसा हातचा गेला, हा ह्या इतिहासाचा सारांश आहे आणि तो आज आपल्या प्रत्येक घराला लागू आहे.

आरंभ पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून करणे योग्य होईल. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, सरकारी सारा नव्या आकारणीने वाढला होता आणि शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडाला होता. ह्या दंग्यांत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे, कोर्टाचे हुकूमनामे मागून घ्यावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, असा बहुतेक ठिकाणचा क्रम होता. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या शेतकऱ्यांनाही एवढे पक्के उमगले होते की आपले घर आणि शेत त्या कागदात बांधले गेले आहे.

हे बंधन कसे घडे तेही पाहण्याजोगे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या हितासाठी झालेल्या ह्या कायद्याचा परिणाम उलटाच झाला. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि ऋणको त्यावर आंगठा उठवी. दिलेल्या पैशाची पावती मिळत नसे. अखेरीस १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची सोय केली, आणि भरणा केल्याची पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. आज बँकेकडून वर्षाच्या अखेरीस येणारा कर्जखात्याचा उतारा आपण न उघडताच खणात टाकतो, तेव्हा हा हक्क केवढ्या कष्टाने पदरात पडला ह्याचे स्मरण ठेवणे बरे.

खेड्यातून उदरनिर्वाहासाठी मुंबईस आलेल्या आपल्या पूर्वजांना तेथे घर मिळाले ते भाड्याचे, बहुधा चाळीतील एका खोलीचे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि दाट वस्तीच्या अंधाऱ्या खोल्यांचे भयंकर स्वरूप सरकारच्या नजरेस आले. त्यातून १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी होत. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत एक कुटुंब आणि शिवाय गावाकडचे दोन पाहुणे, अशा रीतीने शहरातील एक संपूर्ण पिढी वाढली.

भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, प्रथम आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने तर सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण भाडे ठरविले. ह्या कायद्याने हजारो कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर वाचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण भाडे गोठले तशी मालकाची दुरुस्तीवरील इच्छाही गोठली, आणि भाड्यातून न मिळणारा पैसा पागडीच्या रूपाने मागल्या दाराने आला. पागडी घेणे हा १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता. म्हणून ती रोख दिली जाई आणि तिची पावती नसे. बायकोचे दागिने मोडून दिलेल्या त्या रकमेला कागदावर अस्तित्वच नव्हते. पुढे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने असा प्रीमियम घेण्यास मोकळीक दिली. परंतु मधल्या अर्धशतकात ज्यांनी बिनपावतीचे पैसे दिले, त्यांच्या वारसांजवळ भाडेपावती हाच काय तो एक पुरावा उरला. ज्या कुटुंबांत भाडेपावती अद्याप आजोबांच्याच नावाने निघत असेल, त्यांनी ती आपल्या नावावर करून घेण्यास विलंब लावू नये.

भाडेकरूपणातून बाहेर पडण्याची वाट सहकाराने दाखविली. १९०४ च्या कायद्याने केवळ पतसंस्थांना मान्यता होती. १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांना दार उघडले. ह्या संधीचा लाभ घेऊन १९१५ साली गावदेवी येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जमिनीवर सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनीच १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँकेची स्थापना केली होती. एका छोट्या ज्ञातीने सावकाराच्या दारी न जाता परस्परांच्या विश्वासावर आधी पतपेढी आणि मग घरे उभारली, हे उदाहरण पुढे अनेक ज्ञातींनी गिरविले. ह्या योजनेत इमारतीची मालकी संस्थेची आणि सभासद हा आपल्याच संस्थेचा भाडेकरू, अशी रचना असे. त्यामुळे प्रत्येक रुपयाचा हिशेब वार्षिक सभेपुढे येई आणि सामान्य सभासदही ताळेबंद वाचावयास शिके. विश्वास होताच, पण त्याला वहीखात्याची जोड होती, आणि त्या यशाचे मर्म आमच्या मते ह्या जोडीतच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ज्ञातीच्या ओळखीवर ज्यांना घर मिळाले त्यांचे भले झाले. पण त्याच ज्ञातीच्या नावाने अनेकांना घर नाकारलेही गेले. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या विद्वानासही जातीमुळे राहावयास जागा मिळू शकली नाही, हा आपल्या समाजाच्या इतिहासातील लाजिरवाणा प्रसंग आहे. ज्ञातिसंस्थेने आपल्या माणसास हात द्यावा, पण दुसऱ्यासाठी दार लावू नये, एवढे पथ्य आपण सर्वांनी पाळले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत, आणि मागोमाग पुणे, ठाणे, नाशिक आदी शहरांत, बांधकाम करणाऱ्या व्यावसायिकाकडून तयार सदनिका विकत घेण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यासोबत गैरप्रकारही आले. एकच सदनिका दोघांना विकणे, आगाऊ रक्कम घेऊन काम रेंगाळत ठेवणे, मंजूर नकाशा न दाखविणे अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा महाराष्ट्र सरकारने १९६० साली चौकशी समिती नेमली आणि १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा केला. ह्या कायद्याने लेखी व नोंदणीकृत करार बंधनकारक केला, आणि रहिवाशांची संस्था झाल्यावर जमीन व इमारत ह्यांचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन विकासकावर घातले. करारात मुदत नसेल तर संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत ते व्हावे, असा नियम आहे.

परंतु नियम पुस्तकात राहिला. असंख्य संस्थांच्या सभासदांनी सदनिकेचा करार झाला, किल्ली मिळाली, वास्तुशांत झाली, एवढ्यावर समाधान मानले. पायाखालची जमीन कागदोपत्री जुन्या मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर तशीच राहिली. इमारत नवी असेपर्यंत ह्याचे काही वाटत नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी खांबांना तडे जातात आणि पुनर्विकासाचा विषय निघतो, तेव्हा मात्र जमीन कोणाची हा प्रश्न उभा राहतो, आणि मूळ मालकाचे वारस वाटाघाटीस येऊन बसतात. ह्यावर उपाय म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली. विकासक सहकार्य करीत नसला तरी संस्थेला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून हा हक्क मिळविता येतो. आपल्या संस्थेचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने येत्या वार्षिक सभेत विचारावा आणि उत्तर तोंडी न घेता मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा पाहूनच घ्यावे. त्यावर संस्थेचे नाव नसेल तर अर्ज करण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा.

इमारतीच्या देखभालीचेही असेच आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी वर्गणी धरलेली आहे. मासिक वर्गणी कमी ठेवून लोकप्रिय होणारी कार्यकारिणी ही खरे पाहता आपल्या मुलांवर कर्ज काढीत असते. पुनर्विकास करावयाचा झाल्यास शासनाने २००९ साली घालून दिलेली व २०१९ साली सुधारलेली कार्यपद्धती पाळावी. मिळणारे चटई क्षेत्र, पर्यायी जागेचे भाडे, कामाची मुदत आणि ती चुकल्यास भरपाई, हे सारे नोंदणीकृत करारात आल्याखेरीज कोणीही घर रिकामे करू नये.

आता कर्जाचा विचार करू. पूर्वी घर घ्यावयाचे ते भविष्य निर्वाह निधी, दागिने, नातेवाइकांची उसनवारी आणि सेवानिवृत्तीची रक्कम ह्यांवर. त्यामुळे स्वतःचे घर होईपर्यंत केस पांढरे होत. १९७७ साली हसमुखभाई पारेख ह्यांनी एच. डी. एफ. सी. ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन केली आणि पगारदार तरुणास दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेण्याची वाट खुली झाली. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक निघाली. पुढे सर्वच बँका ह्या क्षेत्रात उतरल्या. तिशीतच घर होऊ लागले, ही मोठी सामाजिक क्रांती होय. तथापि हप्ता परवडतो म्हणजे कर्ज परवडते, असा जो समज पसरला आहे, तो तपासून पाहिला पाहिजे.

उदाहरणार्थ, ४० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यापैकी २८,३३३ रुपये केवळ व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते अवघे ६,३८० रुपये. वीस वर्षांत एकूण व्याज सुमारे ४३ लाख ३१ हजार, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक, भरावे लागते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता ३९,३९० रुपये होतो आणि व्याज सुमारे ३० लाख ९० हजारांवर येते. दरमहा ४,६७७ रुपये अधिक भरण्याची तयारी ठेवली तर १२ लाखांहून अधिक रक्कम वाचते. ज्यांना मोठा हप्ता झेपत नाही, त्यांनी बोनस वा अन्य प्राप्ती झाली की मुद्दलात भरणा करावा. आरंभीच्या वर्षांत केलेला असा भरणा सर्वांत फलदायी असतो, आणि व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बंद केला आहे.

व्याजाचा दर बदलता असतो, ह्याचेही भान हवे. मे २०२० मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्के झाला. हप्ता तोच राहिला म्हणून अनेक कर्जदार निश्चिंत होते. इकडे त्यांच्या फेडीची मुदत मात्र कित्येक वर्षांनी लांबली होती. १८७५ च्या शेतकऱ्याचा रोखा ज्या गतीने वाढे तिचेच हे सौम्य रूप म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की आज उतारा मागता येतो, आणि दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदारास द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. तेव्हा दरवर्षी एकदा ‘अजून किती हप्ते शिल्लक आहेत’ एवढे तरी पाहावे. तसेच १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडलेली असतात. त्यापूर्वीचे कर्ज असल्यास नव्या पद्धतीत जाण्याने लाभ होतो काय, ह्याची चौकशी करावी.

हप्ते थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावताही, तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. म्हणून आमच्या मते हप्ता कुटुंबाच्या हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावा, आणि सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक वेगळी ठेवल्यावाचून घराची सजावट आरंभू नये. आणखी एक सूचना विशेष अगत्याने कराविशी वाटते. आपल्या ज्ञातीत भिडेखातर जामीन राहण्याची चाल आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते. मेव्हण्याच्या कर्जास सही करताना आपणच ते कर्ज काढीत आहो असे समजूनच सही करावी. तितकी तयारी नसेल तर आधीच नम्रपणे नकार द्यावा. पुढे नाते तुटण्यापेक्षा ते बरे.

नवे घर घेणाऱ्यांस २०१६ च्या रेरा कायद्याचे मोठे पाठबळ आहे. महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण २०१७ पासून कार्यरत आहे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीत दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करून द्यावा लागतो. ह्या तरतुदी १९६३ च्या कायद्याच्या अनुभवातून पक्व झालेल्या आहेत. असे असले तरी कायदा जागरूक माणसाच्याच उपयोगी पडतो. जुने घर घेताना वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा, भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, सोसायटीची व पालिकेची थकबाकी नाही ना हे तपासावे, आणि किमतीचा कोणताही भाग बिनपावतीने देऊ नये. पागडीचा इतिहास आपण नुकताच पाहिला आहे.

शेवटचा, पण सर्वांत नाजूक विषय वारसाचा. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे घर त्या व्यक्तीचे झाले, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. नामनिर्देशनामुळे सोसायटीला सभासदत्व कोणाच्या नावे करावे एवढे कळते; मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. म्हणून नामनिर्देशन करावे आणि मृत्युपत्रही करावे. गावच्या वडिलोपार्जित घरात हिंदू कुटुंबातील मुलीला २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तो हक्कसोड पत्रावर घाईने सही घेऊन काढून टाकणे आपल्या कुळाला शोभणारे नाही. नव्या घराच्या करारात पत्नीचे नाव अवश्य घालावे. महिलांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली आहे. परंतु सवलत नसती तरी, जिने घर चालविले तिचे नाव घरावर असावे, हेच न्यायाचे आहे.

सुप्याच्या बाजारात कागद जाळले गेले, कारण ते दुसऱ्याच्या हाती होते आणि ज्यांच्या घरादाराचा त्यांत निवाडा होता त्यांना ते वाचता येत नव्हते. आज आपण सारे साक्षर आहोत आणि कागद आपल्याच कपाटात आहेत. तरीही वडील गेल्यावर मूळ करारनामा शोधण्यासाठी ट्रंका उपसाव्या लागतात, हे चित्र घरोघर दिसते. ज्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पोटाला चिमटा घेऊन घरे घेतली, ती पिढी आता आपल्यातून जात आहे आणि तिच्याबरोबर त्या व्यवहारांची माहितीही. यासाठी आमची विनंती अशी की, प्रत्येक कुटुंबाने ह्या वर्षी एक रविवार राखून ठेवावा. नोंदणीकृत करार, सूची क्रमांक २, भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, कर भरल्याच्या पावत्या, कर्जाचा उतारा, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र हे सर्व एका जाड फाइलीत क्रमाने लावावे. कर्ज फिटले असल्यास मूळ दस्त परत आले आहेत ना, हे पाहावे. ते ३० दिवसांत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून घातले आहे. बोजा उतरल्याची नोंदही करून घ्यावी. आणि ती फाइल कोठे आहे हे घरातील किमान दोघांना, त्यांपैकी एका स्त्रीला, ठाऊक असावे.

वाडवडिलांनी आपल्यासाठी घरे मिळविली. त्या घरांचे कागद नीट करून पुढील पिढीच्या हाती देणे, एवढे ऋण तरी आपण फेडू या.